तो शिकला, त्याने नेलं

बोरीचा उतार संपून पूल लागतो, तिथे आमची गाडी जी मंदावली ती पूल ओलांडेपर्यंत तशीच सरपटत राहिली. रविवारची सकाळ होती. भाचीला घेऊन मडगावला एका बारशाला निघालो होतो आणि घरातून निघतानाच उशीर झाला होता. आमच्या पुढे एकच गाडी होती, जुनी, फिकट निळी, आणि तिच्यापुढे अख्खा पूल मोकळा. आमच्या मागे मात्र रांग पार वरच्या वळणापर्यंत गेलेली. निळ्या गाडीच्या मागच्या काचेवर पांढरा चौकोनी कागद आणि त्यावर लाल रंगात ‘एल’. खाली झुआरी भरतीवर होती, पलीकडे खाजनाच्या बांधावर बगळे बसले होते, पाऊस नुकताच थांबल्याने सगळं धुतल्यासारखं दिसत होतं. त्यातलं मला तेव्हा काहीही दिसलं नाही. मी हॉर्न वाजवला. एकदा नाही, तीनदा. माझं ऐकून मागच्यांनीही वाजवले.

भाची तिसरीत आहे. त्यांच्या शाळेत दर आठवड्याला एका मुलाला वर्गाचा लीडर करतात आणि शर्टावर लावायला बिल्ला देतात. त्या आठवड्यात बिल्ला हिच्याकडे होता. रविवारीही तिने तो फ्रॉकवर लावला होता आणि काढायला तयार नव्हती. दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून ती म्हणाली, “मामा, एल म्हणजे लीडर ना?”

“नाही गं. एल म्हणजे शिकणारी. ड्रायव्हिंग शिकतेय ती.”

“मग ती सगळ्यांच्या पुढे कशी?”

पूल अरुंद आहे, असं काहीतरी मी पुटपुटलो. पूल संपून लोटलीच्या बाजूला रस्ता जरा रुंद झाला तशी मी गाडी बाहेर काढली. बाजूने जाताना सहज मान वळवून पाहिलं. चाकावर साठीच्या आसपासची एक बाई होती. पिकलेले केस घट्ट बांधलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर असे आवळलेले की बोटांची पेरं पांढरी पडलेली. शेजारी एक तरुण मुलगा, बहुधा तिचाच, हँडब्रेकवर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी सांगत होता. बाईने आमच्याकडे पाहिलं नाही. ती समोर बघत होती, अगदी एकटक, रस्ता नजरेतून निसटला तर हातूनही निसटेल अशी. तिच्या ओठांवर घाम होता आणि ओठ हलत होते. क्लच, ब्रेक, गिअर असं काही ती मनाशी म्हणत असावी. बारशाला वेळेवर पोहोचलो, जेवलो, पाळण्याची गाणी ऐकली. पण तो हॉर्न मी वाजवला होता हे काही डोक्यातून जाईना.

त्या पाटीचा नियम मला ठाऊक आहे, कारण मुलीचं लर्निंग काढलं तेव्हा मीच कंपास घेऊन पाटी बनवली होती. पांढरा चौकोन अठरा सेंटीमीटरचा, त्यावर लाल अक्षर दहा सेंटीमीटर उंच, गाडीच्या पुढेही आणि मागेही. शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवा आणि वेळ पडली तर त्याला गाडी थांबवता आली पाहिजे. लर्निंग सहा महिने चालतं, महिनाभराने परीक्षा देता येते. म्हणजे मला अजून येत नाही, हे मोठ्या लाल अक्षरात लिहून रस्त्यावर यायची मुभा कायद्यानेच दिली आहे. एवढी मुभा माणसाला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळते? वर्गात? तिथे मुलांना आम्ही किती देतो, हे मी आत राहून पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी नववीला प्रयोग शिकवायचे होते. मराठीचा मास्तर म्हणून तीस वर्षं झाली, प्रयोगाचा तास मी झोपेतही घेऊ शकतो. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या तालावर चालतं. त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली. मग अपवाद येतात. शिकणे, विसरणे, जिंकणे, पिणे ही क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याची साथ सोडत नाहीत. तो गणित शिकला, ती गणित शिकली, आम्ही गणित शिकलो. ‘त्याने गणित शिकलं’ असं म्हणणारी मुलं हल्ली भेटतात, मी लाल पेनाने खूण करतो. त्या दिवशी कर्मणी प्रयोगासाठी आंबा-पोळीऐवजी का कोण जाणे मी ‘नेणे’ घेतलं. फळ्यावर लिहिलं: त्याने रथ नेला. त्याने दिंडी नेली. त्याने गाठोडं नेलं. आणि शेजारी आधीच लिहिलेलं होतं: तो शिकला. ती शिकली.

खडू हातातच राहिला.

तीस वर्षं मी ही दोन वाक्यं वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत आलो, शेजारी-शेजारी कधी वाचली नव्हती. नेणारा वाक्यात येतो, ‘ने’ लावून घेतो आणि तिथेच उभा राहतो. तो बाई आहे की बाप्या, एक आहे की अनेक, क्रियापदाला त्याची फिकीर नसते. ते बघतं फक्त नेलं कोणाला. रथ असेल तर नेला, दिंडी असेल तर नेली. शिकण्याचं तसं नाही. कोण शिकलं हे क्रियापदाच्या अंगावरच उमटतं. गणित जागच्या जागी आहे, ते शिकून गेलेला माणूस बदलला आणि क्रियापद त्याच्याबरोबर बदललं. विसरण्याचंही तसंच: ती विसरली, मी विसरलो. शिकलेलं आणि विसरलेलं, दोन्ही माणसाच्या अंगचं. घरी आम्ही कोंकणी बोलतो, तीही हेच करते. हांव शिकलों, पूण ताणें व्हेलें; मी शिकलो, पण त्याने नेलं. पाणिनी वाचलेल्याला यात काही नवल वाटणार नाही. मला मात्र त्या सकाळी वर्गात उभं राहून पहिल्यांदा वाटलं की भाषेने हा भेद आधीच करून ठेवला होता आणि मी त्याला अपवादाच्या यादीत टाकून परीक्षेत दोन गुणांना विचारत होतो.

आणखी एक वाक्य होतं, ते मी फळ्यावर लिहिलं नाही. त्याने पोरांना नेलं. माणसांना नेलं की ‘ना’ लागतो, कर्मही अडतं, कर्ताही अडतो, आणि क्रियापद नेणाऱ्याचंही ऐकत नाही आणि नेलेल्यांचंही. नेलं, बस्स. भावे प्रयोग. ते वाक्य मी का टाळलं हे पुढे सांगतो.

नेता, नेतृत्व हे शब्द ‘नी’ या धातूचे. त्याच घरातला नायक, त्याच घरातले नयन, कारण डोळेच आपल्याला पुढे नेतात. अभिनय, विनय, परिणयसुद्धा तिथलेच. विनय म्हणजे आज आपण नम्रपणा समजतो, पण मुळात त्यात वळण लावणं आहे, शिकवून तयार करणं आहे. आणि उपनयनही तिथलंच. मुंजीत आपण लाडू, भिक्षावळ, शेंडी बघतो. शब्द सांगतो एवढंच की मुलाला हात धरून शिकवणाऱ्याच्या जवळ नेलं. नेणाऱ्याचं काम त्या ‘जवळ’पाशी संपतं, पुढचं मुलाचं. शिक्षा या शब्दाचं मूळ तर मला फार आवडतं. ‘शिक्ष्’ हा ‘शक्’ धातूचा इच्छा दाखवणारा अवतार. शक् म्हणजे जमणं, समर्थ असणं. शिक्ष् म्हणजे जमावं अशी इच्छा. जमलेलं नाही, जमावंसं वाटतं. मराठीने त्याच शिक्षेला छडी आणि कोठडी करून टाकलं, याचं मला शिक्षक म्हणून दर वेळी वाईट वाटतं. आणि आमच्या कोंकणीत फुडारी म्हणजे पुढारी, पण फुडार म्हणजे भविष्य. पोरांचो फुडार, असं म्हणतात. पुढे असणारा आणि पुढे येणारं, दोघं एकाच उंबरठ्यावर.

शब्दांत असा रमलो की मला आबा आठवतात, कारण त्यांना शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्या वाड्यावर चतुर्थीच्या आरतीला घुमट वाजवणाऱ्यांत ते सगळ्यात जुने. मी दहा वर्षांचा असताना त्यांच्या मागे जाऊन बसलो. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंडं असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर चामडं ताणून सुतळीने बांधलेलं, लहान तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि डाव्या हाताचा तळवा त्या उघड्या तोंडाशी असतो, मिटतो, उघडतो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं उजव्या हातात आहे असं वाटतं. आबांनी पहिली चतुर्थी मला उजवा हात लावूच दिला नाही. ते वाजवायचे आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून मडक्याच्या लहान तोंडावर माझा तळवा धरायचा. “हात धर. मागीर कळटलें,” म्हणजे नंतर कळेल, एवढंच म्हणाले. प्रत्येक घावाला आतली हवा तळव्यावर येऊन आपटायची, गरम श्वासासारखी. कधी ती अडवायची, कधी सोडायची, हे ते सांगत नव्हते. चुकलं की नुसते माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा तोच ठेका. गणपतीवर टांगलेल्या माटोळीतल्या सुपाऱ्या नि तोरिंगणाची फळं डोक्यावर लोंबत असायची, समईच्या तेलाचा, पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास, आणि माझा लहान तळवा त्या काळ्या गोल भोकावर. दहाव्या दिवसापर्यंत तळव्याला कळायला लागलं होतं. मला नाही, तळव्याला.

आबांची आणखी एक गोष्ट मी मुलांना नेहमी सांगतो, पण त्यातलं खरं मला उशिरा कळलं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं चामडं असायचं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित झाली, पुढे ते चामडं बंद झालं आणि बकऱ्याचं आलं. जुन्या वादकांना ते मानवलं नाही. आवाज जड, बोटांना वेगळा उलट फटका, पावसाळी हवेत लवकर सैल पडणारं. आबा तेव्हा सत्तरीला टेकले होते. पन्नास वर्षं त्यांनी एकाच नादावर हात बसवला होता. गावातला शेवटचा शब्द त्यांचा असायचा. कुठल्या घरी कुठली आरती आधी, कुठे सुवारीचं वादन लांबवायचं, सगळं तेच ठरवायचे. आम्हाला वाटलं ते आता वाजवणं सोडतील. त्यांनी बकऱ्याच्या चामड्याचं नवं घुमट मांडीवर घेतलं आणि श्रावणातले पंधरा दिवस पडवीत एकटे बसून वाजवलं. चामडं चुलीजवळ धरून तापवायचे, वाजवायचे, तोंड वाकडं करायचे, पुन्हा तापवायचे. आम्ही पोरं अंगणातून बघत होतो. आबांना येत नव्हतं. आम्हाला ते सगळ्यांसमोर चुकताना दिसत होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. एकदा तर त्यांनी मला हाक मारून विचारलं, “पळय रे, हो आवाज बरो येता मू?” मी बारा-तेरा वर्षांचा. मी कशाला बरं-वाईट सांगणार होतो! पण त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, आणि त्यांनी माझं ऐकून सुतळी अर्धा वेढा आवळली.

त्या वर्षी चतुर्थीला आरतीच्या पुढे तेच होते.

२०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तेव्हा आबा नव्हते. पेपरात बातमी वाचून मला आधी त्यांची ती पडवी आठवली, चुलीच्या धुराने काळी पडलेली.

आबा गेल्यावर आरती माझ्याकडे आली. म्हणजे कोणी दिली असं नाही, गावात अशा गोष्टी दिल्या जात नाहीत, त्या ज्याच्या अंगावर पडतात त्याच्या होतात. मी शिक्षक, आवाज मोठा, आरत्या पाठ. पंधरा-सोळा वर्षं मी पथकाच्या पुढे होतो. आणि त्यातच कधीतरी मी शिकायचा थांबलो. नेमकं कधी, ते मला सांगता येत नाही. थांबताना आवाज होत नाही. पूर्वी दुसऱ्या गावचं पथक वाजवायला लागलं की मी त्यांच्यातल्या शामेळ हे चर्मवाद्य वाजवणाऱ्याच्या काठ्यांकडे बघत बसायचो. नंतर मी त्यांच्या चुका मोजायला लागलो.

तालुक्याच्या ठिकाणी एका स्पर्धेला गेलो होतो, त्या रात्रीची गोष्ट. आमच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा कासाळें, म्हणजे झांजा, वाजवायचा. शांत पोरगा, बोलायचा कमी, कान मात्र असा की शेजारच्या वाड्यावर कोणी ठेका धरला तरी ह्याचं बोट मांडीवर हलायचं. मंचावर दुसऱ्या आरतीत मी लय बदलली ती अर्धी मात्रा लवकर बदलली. चूक माझी, आज स्वच्छ कळते. त्या मुलाला तेव्हाच कळली. त्याने कासाळें जरा धरून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी तो मला थांबा म्हणत होता. सावरायला त्याने जागाही करून दिली होती. मी पाहिलं. मला दिसलं. मी पुढे होतो, पुढच्याने मागे बघून लय घ्यायची हे माझ्या मनाला झेपलं नाही. उलट मी घुमटावर जोर केला आणि ओढत नेलं. चार ओळींत सगळं विस्कटलं. शामेळ एकीकडे, घुमटं एकीकडे, गाणारे मधेच गप्प. परतीच्या टेम्पोत, अंधारात, सगळ्यांदेखत मी त्या पोराला बोललो. कासाळें ढिलं धरलंस म्हणून गेलं, म्हणालो. तो काही बोलला नाही. बाकीच्यांना खरं माहीत होतं, तेही बोलले नाहीत, कारण मी पुढे होतो.

तो मुलगा पुढच्या चतुर्थीला आला नाही. नंतरही नाही. आता मोठा झाला आहे, बाहेरगावी नोकरी करतो, जत्रेला घरी आला की नमस्कार करतो, सर म्हणतो. दोनदा मी बोलायला म्हणून थांबलो आणि दोन्ही वेळा पावसाचं विचारून निघालो.

मी पोरांना नेलं. फळ्यावर मी जे लिहायचं टाळलं ते हे वाक्य. क्रियापद माझंही नाही, त्यांचंही नाही.

शाळेत हल्ली नेतृत्वावरची शिबिरं होतात, दहावीच्या मुलांना शनिवारी बसवतात. पुढे या, बोला, निर्णय घ्या, गट सांभाळा. मुलांना ते हवं आहे, लाजरी पोरं त्याने मोकळी झालेली मी पाहिली आहेत. पण त्या दोन तासांत ‘मला हे येत नाही, मला दाखव’ हे वाक्य एकदाही कोणाच्या तोंडून येत नाही, मुलांच्याही नाही आणि आम्हा शिक्षकांच्याही नाही. भाची घरी येऊन सांगते की लीडरने रांग सरळ ठेवायची, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. “आणि तुला एखादं गणित आलं नाही तर?” मी विचारलं. ती विचारात पडली. “त्या आठवड्यात मी बाईंना नाही विचारलं,” म्हणाली. आठ वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलं नव्हतं. बिल्ल्याने शिकवलं.

पुलावरच्या प्रसंगानंतर काही दिवसांनी वास्कोला जायचं काम निघालं. वाटेत सांकवाळ लागतं. धर्मानंद कोसंबी तिथले, १८७६ चा जन्म. तिथून जाताना मला दर वेळी त्यांची आठवण होते, या वेळी जरा जास्त झाली. शाळा जेमतेम झालेला माणूस. घरची नारळाची बागायत बघायची, बायको, लहान मुलगी. त्या काळच्या एका मराठी मासिकात बुद्धावरचा लेख वाचतो आणि हे मला शिकलं पाहिजे असं त्याला वाटतं. वाटतं ते इतकं की विशीच्या शेवटाला न पोचलेला हा माणूस घर सोडून निघतो. पुणे, मग ग्वाल्हेर, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. नेपाळपर्यंत गेला. शेवटी सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, पाली भाषा हाती लागली. पुढे हार्वर्डने त्यांना पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावलं, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली, गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात शिकवलं. ज्याच्या मागे कोणी नव्हतं, त्याच्या मागून भारतात पाली शिकणाऱ्यांची एक अख्खी वाट तयार झाली. ते स्वतःला कोणाचा नेता समजले असतील असं मला वाटत नाही. पण हे लिहितानाही मन पूर्ण मोकळं होत नाही. मागे घरात राहिलेल्या त्या बाईचं काय? अंगावर मूल, नवरा परमुलखात. पुढे काही वर्षांनी ते परत आले, संसार पुन्हा उभा राहिला हे खरं, पण मधल्या वर्षांचं ओझं शिकणाऱ्याने उचललं नाही, तिने उचललं. शिकण्याचं कौतुक करताना मी हे विसरू नये, असं मला वाटतं. ‘तो शिकला’ या वाक्यात क्रियापद फक्त त्याचंच होतं, हे त्या वाक्याचं मोठेपण आणि त्याची उणीवही.

त्या दुपारी परतताना पुन्हा बोरीचा पूल आला. समोर कोणी शिकाऊ नव्हतं. तरी मी गाडी तिसऱ्या गिअरवर आणली आणि सावकाश आलो. मागच्याने हॉर्न वाजवला.

श्रावणात आमच्या गावच्या बायकांचं घुमट आरतीचं पथक देवळाच्या सभामंडपात तालमीला बसतं. चार वर्षं झाली त्यांना. यंदा त्यांनी मला ‘मार्गदर्शन करायला’ बोलावलं. एक प्लॅस्टिकची खुर्ची पुढे मांडली होती, बाजूच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या. मी खुर्चीत बसलो. त्यांची म्होरकी एक कॉलेजात जाणारी मुलगी. तिने डोळ्यांनी खूण केली आणि सुरू झालं. बारा-तेरा घुमटं, दोन शामेळ, कासाळें. बाहेर पाऊस, दीपमाळेवरून पाणी ओघळत होतं. पहिली आरती माझ्या ओळखीची. दुसरीच्या मध्यावर त्यांनी ठेक्याला एक वळण दिलं जे मी कधी ऐकलं नव्हतं. उजव्या हाताचं मला कळलं. पण नाद मधेच आत ओढला जाऊन पुन्हा बाहेर येत होता, विहिरीत डोकावून हाक मारावी तसा, आणि तो कुठून येतो ते मला कळेना. कोणाकडून शिकलात, विचारलं. पेडण्याच्या बाजूला एका आजोबांकडे त्या दोघी-तिघी मिळून जाऊन आल्या होत्या, बस बदलून, सहा रविवार.

“सर, बरोबर आहे ना?” त्या मुलीने विचारलं.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. हो, छान, फक्त लय जरा सांभाळा. तीस वर्षं शिक्षक असलेल्या माणसाच्या तोंडात असं उत्तर कायम तयार असतं. ते बाहेर यायच्या आधी मला निळ्या गाडीतल्या बाईची बोटं आठवली, आणि टेम्पोतला अंधार आठवला. “मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मला हे येत नाही. दाखवशील?”

थोडी शांतता पसरली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाला वाटलं असेल सर परीक्षा घेतायत. मी खुर्चीतून उठलो आणि चटईवर मागच्या रांगेत जाऊन बसलो. गुडघे दुखतात, मांडी घालायला वेळ लागला. त्या रांगेत अगदी नव्या शिकणाऱ्या होत्या आणि त्यांच्यात माझी भाची, तिच्या आईबरोबर आलेली, मांडीवर तिच्यापेक्षा मोठं वाटणारं एक घुमट घेऊन. एका काकूंनी त्यांचं घुमट माझ्याकडे सरकवलं. चामडं बकऱ्याचं, नवं, अजून केसांची मुळं कुठे कुठे दिसत होती. मडकं गार होतं. मी तळवा लहान तोंडावर ठेवला.

पुढून सुरू झालं. पहिल्या फेरीला माझं वळण चुकलं, दुसऱ्या फेरीलाही. उजवा हात बरोबर पडत होता, नाद मात्र बाहेरच राहत होता. म्होरकीने पुढून पाहिलं, थांबवलं नाही, फक्त तीच चार आवर्तनं पुन्हा घेतली, पुन्हा घेतली. शेजारून भाची माझ्या हाताकडे बघत होती, भुवया आक्रसून.

“मामा, डावा हात,” ती हळूच म्हणाली. “उघड. आता नाही. थांब. आता.”

हवा तळव्यावर येऊन आपटली.